नातवंडांचा पहिला गळ: कणकेत थोडा कापूस मळा

लहान मुलांना तळ्यावर गळ टाकायला नेलं की दोन गोष्टी हमखास बिघडतात: दोरा गुंततो आणि कणीक विरघळून गळ रिकामाच वर येतो.

१. रीळ नको. ५-६ फुटांची हलकी बांबूची काठी घ्या. टोकाला तंगूस (मासेमारीचा नायलॉनचा दोरा) बांधा, काठीपेक्षा वीतभर आखूड. काठी उभी धरली की गळ थेट नातवाच्या हाताशी येतो.

२. गळ अगदी लहान घ्या. त्याचा उलटा काटा पक्कडीने दाबून सपाट करा. बोटात रुतला तरी सहज निघतो.

३. घट्ट कणकेत चिमूटभर पिंजलेला कापूस मळा. तंतूंमुळे गोळी गळावर टिकते. गोळी ज्वारीच्या दाण्याएवढीच हवी, मोठी केली तर छोटी चिलापी (तिलापिया मासा) ती कडेकडेनं कुरतडून संपवते.

४. जुन्या स्लिपरच्या रबराचा तरंगणारा तुकडा गळापासून हातभर वर ओवा. तो बुडाला की काठी सावकाश उचलायची, दोरा ताणलेला ठेवून. मुलं हिसका देतात आणि मासा तिथेच सुटतो. हे आधी अंगणात दोनदा करून घ्या.

शिंगटी (मिशावाला काटेरी मासा) लागली तर मुलांना हात लावू देऊ नका, तिचे काटे फार झोंबतात. ओल्या फडक्यात धरून आजोबांनीच सोडवावी.