कॅसेटवरची मैफल सीडीवर उतरवताना या चुका टाळा

ग्वाल्हेरच्या मराठी घरांतून, विशेषतः शहराच्या लष्कर नावाच्या भागातल्या जुन्या वाड्यांतून, मैफलींच्या कॅसेट अजून डबे भरून पडलेल्या आहेत. संगणकाशिवाय चालणारा स्वतंत्र सीडी रेकॉर्डर हाताशी असेल तर त्या उतरवणं अवघड नाही. अडचण एकच. कॅसेटवर चुकलं तर मागे गुंडाळून पुन्हा भरता येतं. सीडी-आरवर, म्हणजे एकदाच भरता येणाऱ्या कोऱ्या सीडीवर, लेझरने एकदा रंगद्रव्य जाळलं की ती जागा कायमची गेली. त्यामुळे इथल्या बहुतेक चुका रेकॉर्डिंगचं लाल बटण दाबण्याआधीच झालेल्या असतात.

पहिली चूक कोरी सीडी विकत घेतानाच होते. घरगुती रेकॉर्डरला ‘डिजिटल ऑडिओ’ किंवा ‘म्युझिक’ असं छापलेलीच सीडी लागते. तिच्यावर आधीपासून एक खूण कोरलेली असते आणि यंत्र ती तपासतं. संगणकाची साधी सीडी-आर घातली तर यंत्र ती नाकारतं, आणि लोक लेझर बिघडला म्हणून दुकान गाठतात. स्टुडिओसाठी बनवलेल्या रेकॉर्डरना दोन्ही चालतात. कोरी सीडी कडेला धरूनच हाताळा. बोटाचा ठसा किंवा लू वाहताना बसलेली धूळ यांमुळे लेझर नीट जाळू शकत नाही आणि तेवढा भाग कायमचा अडखळतो.

मग वेळेचा हिशेब. सी-९० कॅसेट म्हणजे दोन बाजू मिळून ९० मिनिटं, त्यात फीत बहुधा थोडी जास्तच असते. सीडी ७४ किंवा ८० मिनिटांची. अख्खी कॅसेट एका सीडीत बसत नाही, आणि द्रुताच्या, म्हणजे जलद लयीच्या गाण्याच्या, ऐन रंगात जागा संपते. एक बाजू एका सीडीवर घ्या, किंवा आधी ऐकून विलंबित, म्हणजे संथ लयीचा भाग, संपतो तिथे तोडायचं ठरवा. शेवटचं एखादं मिनिट मोकळंच राहू द्या.

सर्वांत जास्त रेकॉर्डिंग बिघडतात ती आवाजाच्या पातळीमुळे. कॅसेट डेकची सुई जरा लाल पट्ट्यात गेली तरी फीत सांभाळून घेत असे. आवाज थोडा जाड व्हायचा, इतकंच. डिजिटलमध्ये शून्य डेसिबलच्या वर जागाच नाही. तिथे लाटेचा माथा सपाट कापला जातो, कडकड ऐकू येते आणि ती नंतर कशानेही जात नाही. गाण्यातला सर्वोच्च ठोका उणे ६ ते उणे ३ डेसिबलच्या दरम्यान राहील असं बटण लावा. हे आलाप ऐकून ठरवायचं नसतं. कॅसेट पुढे नेऊन द्रुत, तराणा, टप्पा जिथे असेल तो भाग वाजवून पाहा. ग्वाल्हेरच्या गायकीत हे सगळं एकाच बैठकीत येतं, आणि टप्प्याच्या ताना मीटरला एकदम वर फेकतात. मैफलीतला सर्वांत मोठा आवाज मात्र पुष्कळदा गाण्याचा नसतोच. मध्येच तबला मिळवताना बसणारा हातोडीचा ठोका, किंवा माइकजवळच्या श्रोत्याच्या टाळ्या, मीटर शून्यापर्यंत नेतात. त्यासाठी अख्खं गाणं दबलेल्या आवाजात भरू नका. तेवढ्या टाळ्या कापल्या गेल्या तर जाऊ द्या.

कॅसेटचा डेकही तपासा. हेड आणि रबरी चाक साफ नसेल तर वरचे सूर बोथट येतात. हेडला आयसोप्रोपिल अल्कोहोल, कापसाची काडी, हलका हात. कॅसेट डॉल्बीवर (फितीची सरसर कमी करणारी सोय) भरलेली असेल तर डॉल्बी चालू, नसेल तर बंद. हे उलटं झालं तर आवाज बोथट किंवा खरखरीत होतो. वायर डेकच्या लाइन आउटमधून रेकॉर्डरच्या लाइन इनमध्ये जावी, हेडफोनच्या भोकातून नको. ‘घूंऽऽ’ असा सततचा आवाज येत असेल तर दोन्ही यंत्रं एकाच पट्टीवर लावून पाहा. वेगवेगळ्या बोर्डांच्या अर्थिंगमधल्या फरकामुळे तो बहुधा येतो.

ट्रॅक आपोआप पाडण्याची सोय शास्त्रीय संगीताला बाधते. काही सेकंद शांतता सापडली की यंत्र नवा ट्रॅक सुरू करतं. तानपुरा छेडलेला असतो तोवर शांतता येतच नाही, म्हणून तीन रागांचा एक ट्रॅक होतो. व्याख्यान किंवा कीर्तन असेल तर उलट, वक्त्याने श्वास घेतला की नवा क्रमांक. ही सोय बंद करा आणि खुणा हाताने पाडा. एका सीडीवर जास्तीत जास्त ९९ ट्रॅक बसतात, आणि कोणताही ट्रॅक ४ सेकंदांपेक्षा लहान चालत नाही. आवाज आला की आपोआप सुरू होणारं रेकॉर्डिंगही टाळा. हळुवार आलापाची पहिली ओळ त्यात हमखास खाल्ली जाते.

आता फायनलाइज, म्हणजे भरून झालेली सीडी कायमची पक्की करणं. भरलेली सीडी-आर फायनलाइज होईपर्यंत साध्या प्लेअरला तिची अनुक्रमणिकाच सापडत नाही. यंत्राने ट्रॅकची यादी आतल्या कडेच्या एका तात्पुरत्या जागेत लिहिलेली असते आणि ती फक्त रेकॉर्डर वाचतो. फायनलाइज करताना आतल्या कडेला अनुक्रमणिकेसह सुमारे १ मिनिटाचा भाग, आणि गाण्यानंतर दीड मिनिटाचा शेवटचा भाग जाळला जातो. म्हणून साध्या वेगाच्या यंत्राला अडीच मिनिटांच्या आसपास लागतात. सीडीवर दहाच मिनिटं भरली असली तरी तेवढेच. यंत्र अडकलं असं वाटून मध्येच प्लग काढणं ही या कामातली सर्वांत महाग चूक.

लाइट जाण्याचा धोकाही इथेच. घरचा इन्व्हर्टर चालू होईपर्यंतचा क्षणही यंत्र बंद पडायला पुरतो, आणि साध्या इन्व्हर्टरची वीज कधीकधी आवाजात गुणगुण मिसळते. संगणकाचा चांगला यूपीएस जास्त भरवशाचा. रेकॉर्डिंग चालू असताना वीज गेली तर सीडी फेकू नका. काही यंत्रं ती पुन्हा आत घेतल्यावर अर्धवट यादी दुरुस्त करतात. फायनलाइज अर्धवट राहिलं असेल तर साध्या प्लेअरवर ती वाजेल अशी आशा धरू नका. संगणकाच्या काही ड्राइव्हवर खास सॉफ्टवेअरने आतला आवाज कधीकधी निघतो.

तुकड्यातुकड्यांनी भरत असाल तर आणखी एक गोष्ट. दर वेळी लेझरची ताकद जुळवायला यंत्र सीडीवरच्या चाचणीच्या जागेत थोडं जाळून पाहतं, आणि त्या जागेत साधारण १०० चाचण्याच मावतात. उगाच काढघाल करू नका. ‘ओपीसी एरर’, म्हणजे याच चाचणीतली चूक, पहिल्यांदा दिसला तर दुसऱ्या कंपनीची कोरी सीडी घालून बघा. सगळ्याच सीडींवर तोच संदेश आला तर मात्र लेझर थकला असण्याची शक्यता मोठी.

सरावासाठी सीडी-आरडब्ल्यू, म्हणजे पुसून पुन्हा भरता येणारी सीडी, चांगली, कारण तिचं फायनलाइज पुसता येतं. पण ती प्रकाश बराच कमी परावर्तित करते, म्हणून जुने प्लेअर तिला ओळखत नाहीत. भेट द्यायची सीडी नेहमी सीडी-आरच असावी.

घरगुती यंत्रावर भरलेल्या सीडीची डिजिटल वायरने प्रत निघते. त्या प्रतीची प्रत मात्र दुसरं घरगुती यंत्र नाकारतं. यंत्र बिघडलेलं नसतं, नक्कल रोखण्याची खूण असते. साध्या लाल-पांढऱ्या वायरने मात्र अशी प्रत भरता येते.

सीडीवर बॉलपेनने लिहू नका. चमकदार थर छापील बाजूच्या अगदी खाली असतो, तिथे दाब पडला की तो ओरखडतो. मऊ टोकाच्या मार्करने मधल्या पारदर्शक कड्यावर राग, तारीख, कॅसेटची बाजू एवढंच लिहा. कागदी लेबल चिकटवलं तर सीडी फिरताना डोलते. मे महिन्यात खिडकीत किंवा गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवलेली सीडी रंगद्रव्य उडून मुकी होते, म्हणून घरात भिंतीतल्या कपाटाच्या खालच्या कप्प्यात, उभी ठेवा. आणि कॅसेट तूर्त पुसू नका.