इमारत तपासायला आलेल्या माणसाचा परवाना कसा तपासावा

आमची इमारत १९८९ची. २०१९ साली तिला ३० वर्षं पूर्ण झाली तेव्हा सोसायटीचा सेक्रेटरी मी होतो. स्ट्रक्चरल ऑडिटसाठी, म्हणजे इमारतीच्या सांगाड्याची मजबुती तपासायला, तीन कोटेशनं मागवली आणि सगळ्यात स्वस्त होतं त्याला काम दिलं. दोन तरुण मुलं आली. गच्चीवर चढली, जिन्यातल्या तड्यांचे फोटो काढले आणि पाऊण तासात गेली. आठवड्याभरात छान बांधलेला अहवाल हातात आला. शेवटच्या पानावर एका अभियंत्याची सही आणि शिक्का होता, पण त्या अभियंत्याला आमच्यापैकी कुणीच कधी पाहिलं नव्हतं.

त्याच वर्षी १४ मार्चला संध्याकाळी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसजवळचा हिमालय पूल कोसळला होता. घरी निघालेली माणसं त्यात गेली. आदल्या ऑडिटमध्ये त्या पुलाला किरकोळ दुरुस्ती पुरेशी असल्याचं म्हटलं होतं, आणि पुढे ऑडिटरला अटक झाली. हे सगळं ताजं असल्यामुळे आम्ही तो अहवाल नाकारला आणि दुसऱ्या अभियंत्याकडून नव्याने तपासणी करून घेतली. पैसे दोनदा गेले. तुमच्यावर ती वेळ येऊ नये म्हणून आता मी कोणत्या क्रमाने जातो ते लिहितो.

आधी ठरवा, तपासणी कसली आहे

‘सरकारमान्य’ हा शब्द प्रत्येक माहितीपत्रकावर असतो. त्यावर थांबू नका. सांगाडा, आग, लिफ्ट, वीज यांचे परवाने वेगवेगळे आहेत आणि ते देणारेही वेगवेगळे आहेत. एकाचा परवाना दुसऱ्या कामाला चालत नाही.

मुंबईत सांगाड्याच्या तपासणीची सक्ती मुंबई महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ३५३ ब मध्ये आहे. इमारतीला ३० वर्षं झाली की महापालिकेकडे नोंदणी असलेल्या स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून तपासणी करून स्थैर्य प्रमाणपत्र द्यायचं, आणि पुढे दर १० वर्षांनी पुन्हा. राज्यातल्या इतर महापालिकांसाठी अशीच तरतूद महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६५ अ मध्ये आहे. सोसायटीचे आदर्श उपविधी, म्हणजे सोसायटीच्या कारभाराचे नमुना नियम, याहून कडक आहेत: १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं ऑडिट दर ५ वर्षांनी, ३० वर्षांपुढच्या इमारतीचं दर ३ वर्षांनी. मी उपविधींचंच वेळापत्रक पाळतो. खाऱ्या हवेत आणि आपल्याकडच्या पावसात सळई १० वर्षं वाट बघत बसत नाही.

मग परवान्याची प्रत मागा, कोटेशनच्या आधी

प्रतीवर चार गोष्टी बघायच्या: परवाना कोणी दिला, कोणत्या कामासाठी, कोणाच्या नावाने, कधीपर्यंत. सगळ्यात जास्त चूक नावात होते. कंपनीचं नाव मोठं असतं, पण परवाना तिथल्या एकाच अभियंत्याच्या नावावर असतो, आणि सही त्याचीच लागते.

‘कोणत्या कामासाठी’ हेही नीट वाचा. आर्किटेक्टची नोंदणी कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे असते. तो माणूस कितीही अनुभवी असला तरी त्या नोंदणीवर स्ट्रक्चरल प्रमाणपत्र देता येत नाही. साइट सुपरवायझरचा परवानाही वेगळा. राज्यातल्या बहुतेक शहरांना लागू असलेल्या २०२०च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीनुसार स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या परवान्याला सिव्हिलची पदवी आणि स्ट्रक्चरल डिझाइन व प्रत्यक्ष कामाचा ३ वर्षांचा अनुभव लागतो. त्याच विषयात पदव्युत्तर पदवी असेल तर २ वर्षं पुरतात, डॉक्टरेट असेल तर १.

परवाना दुसऱ्या महापालिकेचा असेल तर ‘चालतं हो’ यावर विश्वास ठेवू नका. स्वतः वॉर्ड ऑफिसला जा. मुंबईत इमारत व कारखाने विभागात विचारायचं, दुसरीकडे बांधकाम परवानगी किंवा नगररचना विभागात. तोंडी उत्तर मिळत नसेल तर माहिती अधिकाराचा अर्ज करा. १० रुपये लागतात आणि ३० दिवसांत उत्तर देणं बंधनकारक आहे.

‘फुकट ऑडिट’ नको

दुरुस्तीचं किंवा वॉटरप्रूफिंगचं काम करणारे ठेकेदार ऑडिट फुकट करून देतो म्हणतात. सभासदांना ते आवडतं, आणि सभेत नाही म्हणणारा सेक्रेटरी वाईट ठरतो. तरीही नाही म्हणा. ज्याला दुरुस्तीचं काम मिळणार आहे त्याने दुरुस्ती किती लागेल हे ठरवू नये. उलटही घडतं: पुनर्विकास हवा असणाऱ्याला इमारत जास्त धोकादायक दाखवण्यात रस असतो. ऑडिटर सोसायटीने नेमायचा, पैसे सोसायटीने द्यायचे, आणि दुरुस्तीत त्याचा हिस्सा नाही हे नेमणूकपत्रात लिहून घ्यायचं.

परवानाधारक स्वतः आला का?

नेमणूकपत्रात अट घाला की सही करणारा अभियंता किमान एकदा स्वतः येईल. आला की त्याला तळमजल्यापासून फिरवा आणि बंद घरं उघडून द्या. २५ जुलै २०१७ला घाटकोपरची साईदर्शन इमारत कोसळून १७ जण गेले, तेव्हा तळमजल्यावर नूतनीकरणाचं काम चालू होतं. कुणी कुठली भिंत काढली, कुठला खांब तासला, हे जिन्यात उभं राहून कळत नाही.

चाचण्या चालू असताना तिथे थांबा, समजून घ्यायला अवघड नाहीत. रिबाउंड हॅमरने काँक्रीटच्या पृष्ठभागाचा कठीणपणा कळतो. अल्ट्रासॉनिक पल्स चाचणीत ध्वनिलहरी काँक्रीटमधून किती वेगाने जातात ते मोजतात. साधारण ३.५ किलोमीटर प्रतिसेकंदाच्या वर आकडा चांगला, त्याच्या खाली गेला तर काँक्रीटबद्दल शंका घ्यायची. हाफ सेल चाचणी गंजाचा अंदाज देते. उणे ३५० मिलिव्होल्टच्याही खाली वाचन गेलं तर सळई गंजत असण्याची शक्यता खूप मोठी. आणि कार्बोनेशनची, म्हणजे हवेतल्या कार्बन डायऑक्साइडचा काँक्रीटवर झालेला परिणाम बघायची, चाचणी तर डोळ्यांनी दिसते: ताज्या फोडलेल्या काँक्रीटवर फिनॉलफ्थॅलिन हे रसायन टाकलं की निरोगी भाग गुलाबी होतो, सळईचं रक्षण करण्याची ताकद गमावलेला भाग तसाच राहतो. आमच्या पार्किंगमधल्या एका खांबावर गुलाबी रंग उमटलाच नाही. त्या दिवसानंतर दुरुस्तीच्या वर्गणीबद्दल कुणी वाद घातला नाही.

अहवालात प्रत्येक वाचन कोणत्या खांबाचं किंवा तुळईचं हे नकाशावर दाखवलेलं हवं. शेवटी श्रेणी असते. सी-१ म्हणजे रिकामी करून पाडायची, सी-२ए म्हणजे रिकामी करून मोठी दुरुस्ती, सी-२बी म्हणजे राहतं ठेवून स्ट्रक्चरल दुरुस्ती, सी-३ म्हणजे किरकोळ दुरुस्ती. दोन अहवाल एकमेकांविरुद्ध गेले तर मुंबईत प्रकरण महापालिकेच्या तांत्रिक सल्लागार समितीकडे जातं. दक्षिण मुंबईतल्या उपकरप्राप्त इमारती, म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या जुन्या इमारती, मात्र म्हाडाच्या दुरुस्ती मंडळाच्या अखत्यारीत येतात.

आगीची यंत्रणा

इथे महापालिकेचा स्ट्रक्चरल परवाना कामाचा नाही. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम २००६ नुसार महाराष्ट्र अग्निशमन सेवेच्या संचालकांनी परवाना दिलेली एजन्सीच लागते. यंत्रणा बसवल्यावर ती फॉर्म ए, म्हणजे यंत्रणा नियमाप्रमाणे बसवल्याचं प्रमाणपत्र, देते. त्यानंतर यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा फॉर्म बी दरवर्षी दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, द्यायचा असतो. ती जबाबदारी मालकाची किंवा भोगवटादाराची, म्हणजे आपलीच.

फॉर्म बी कुरिअरने घरपोच पाठवणाऱ्या एजन्सीज आहेत. त्या घेऊ नका. गच्चीवरच्या होजमधून पाणी येताना बघा, पंप आपोआप सुरू होतो का बघा, मगच तो कागद ताब्यात घ्या. आणि एजन्सीच्या परवान्याची मुदत त्या तारखेला चालू होती ना, हे त्याच वेळी तपासा.

लिफ्ट आणि वीज

लिफ्टची देखभाल करणारी कंपनी आणि सरकारी लिफ्ट निरीक्षक हे दोन वेगळे. कंपनीच्या कार्डावर दर महिन्याला सही असली तरी २०१७च्या लिफ्ट कायद्याखालची तपासणी निरीक्षकाचीच असते. विजेच्या कामाला ठेकेदाराचा परवाना, सुपरवायझरचा परवाना आणि वायरमनचा परवाना असे तीन कागद असतात. मीटर रूममध्ये हात घालणाऱ्याकडे तिसरा आहे का, ते दारातच विचारा.

सगळ्या परवान्यांच्या झेरॉक्स मी एकाच फाइलमध्ये ठेवल्या होत्या आणि मुदत संपण्याच्या तारखा पहिल्या पानावर लाल शाईने लिहिल्या होत्या. कमिटी बदलली तेव्हा किल्ल्यांबरोबर ती फाइल दिली आणि पोच लिहून घेतली.