दार कोणत्या विटेखाली? बॉम्बरमॅनच्या स्पीडरनचा अनुभव

बेळगावच्या उद्यमबागेतील एका फाउंड्रीत मी तयार कास्टिंगच्या तपासणीचे काम करतो आणि शिफ्ट संपल्यानंतरचा वेळ गेली सहा वर्षे ‘बॉम्बरमॅन’ या जुन्या आठ-बिटी खेळाला देतो. त्याच्या सगळ्या ५० पातळ्या कमीत कमी वेळात पार करायच्या, असा हा अभ्यास आहे. या प्रकाराला स्पीडरन म्हणतात, आणि पहिल्या पातळीपासून केलेल्या एका सलग प्रयत्नाला धाव. शहापूर, खानापूर आणि निपाणीकडची माझ्या ओळखीची काही मुले आता याकडे वळली आहेत. त्यांच्यापैकी जवळजवळ प्रत्येकाने पहिल्याच भेटीत मला विचारले आहे की, ज्या खेळात बाहेर पडायचे दार कुठे असेल हेच नशिबावर सोडलेले आहे, त्यात सरावाने वेळ कमी होणार तरी कसा? प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर सापडायला मला तीन वर्षे लागली. ती वर्षे नव्या मुलांची वाचावीत म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

हडसन सॉफ्टने हा खेळ १९८५ साली जपानमध्ये निन्टेन्डोच्या फॅमिकॉम या कन्सोलसाठी, म्हणजे टीव्हीला जोडायच्या खेळयंत्रासाठी, आणला. आमच्या घरी तो नव्वदच्या दशकात आला, खडेबाजारातून घेतलेल्या टीव्ही गेमबरोबरच्या एका कॅसेटमधून, जिच्यात मारिओ, काँट्रा आणि सर्कस हेही होते. त्या वेळी आठव्या-दहाव्या पातळीपर्यंत जाणे हाच पराक्रम वाटे. खेळ तोच असला तरी तो घड्याळ लावून खेळू लागलो, तेव्हा त्याचे नियम मला नव्याने शिकावे लागले.

नियम थोडक्यात असे आहेत. मैदान ३१ घरे रुंद आणि १३ घरे उंच असते, आणि एका वेळी त्याचा साधारण अर्धाच भाग पडद्यावर दिसतो. बाहेरची भिंत सोडली तर आत २९ गुणिले ११, म्हणजे ३१९ घरे राहतात. त्यांपैकी ७० घरांत न फुटणारे दगडी खांब असतात, म्हणून चालायला आणि विटांसाठी मिळून २४९ घरे उरतात. या घरांत फुटणाऱ्या विटा विखुरलेल्या असतात. त्यांपैकी एका विटेखाली दार लपलेले असते आणि दुसऱ्या एका विटेखाली शक्ती वाढवणारी वस्तू असते. सगळे शत्रू मेल्याशिवाय दार उघडत नाही. घड्याळ २००वरून खाली येते आणि शून्यावर पोहोचले की पॉन्टन नावाचे अतिशय वेगवान शत्रू मैदानात उतरतात.

नवशिक्याने पहिले काम हे करावे की वहीचे पान मधोमध दुमडून डाव्या बाजूला कधीही न बदलणाऱ्या गोष्टी लिहाव्यात आणि उजव्या बाजूला दर वेळी बदलणाऱ्या. मी हे काम दोन वर्षे केले नाही, आणि त्यामुळे सगळा खेळच नशिबाचा आहे असे समजत राहिलो. प्रत्यक्षात डावी बाजू बरीच लांब होते. कोणत्या पातळीवर कोणते शत्रू आणि किती, हे ठरलेले आहे. पहिल्या पातळीवर फुग्यासारखे सहा संथ शत्रूच असतात. कोणत्या पातळीवर कोणती वस्तू मिळेल, हेही ठरलेले आहे: पहिल्या पातळीवर ज्वाळा लांब करणारी, दुसऱ्या पातळीवर बॉम्बची संख्या वाढवणारी, तिसऱ्या पातळीवर बॉम्ब हवा तेव्हा फोडणारा रिमोट आणि चौथ्या पातळीवर चालण्याचा वेग वाढवणारी. दर पाच पातळ्यांनंतर येणारी बोनस पातळी ३० सेकंदांची असते आणि तिच्यात आपण मरत नाही, त्यामुळे तिथे कमावण्यासारखे काहीच नसते. ती ३० सेकंदे मी बोटे मोकळी करायला आणि पाणी प्यायला ठेवली आहेत. उजव्या बाजूला उरतात विटांची मांडणी, दाराची आणि वस्तूची जागा, आणि शत्रूंचे चालणे.

आता दाराचा हिशेब पाहू, कारण खरा वेळ तिथेच जातो. समजा मैदानात ६० विटा आहेत आणि दार त्यांपैकी कोणत्याही विटेखाली असण्याची शक्यता सारखीच आहे. एकेक वीट फोडत गेलो तर सरासरीने ३०.५ विटांनंतर दार सापडते, म्हणजे एखाद्या पातळीवर दुसऱ्याच विटेखाली आणि एखाद्या पातळीवर साठाव्या विटेखाली. ही सरासरी आपल्याला बदलता येत नाही. पण प्रत्येक वीट फोडायला लागणारा वेळ सारखा नसतो, आणि इथून पुढे सगळा सरावाचा भाग सुरू होतो. ज्वाळा चारही दिशांना जाते, परंतु प्रत्येक दिशेला पहिल्या विटेपाशी थांबते; म्हणून योग्य घरात ठेवलेला एक बॉम्ब तीन किंवा चार विटाही फोडू शकतो आणि घाईने ठेवलेला बॉम्ब एकच. सर्व विटांची शक्यता सारखी असताना ज्या विटा सर्वांत स्वस्तात फुटतात त्या आधी फोडाव्यात आणि एकट्यादुकट्या, कोपऱ्यात अडकलेल्या विटा शेवटी ठेवाव्यात, हा क्रम गणितानेही बरोबर ठरतो. मी पूर्वी डाव्या कोपऱ्यातून निघून वाटेतली प्रत्येक वीट साफ करत उजवीकडे जात असे. नीटनेटकेपणाची ती सवय मोडल्यावर माझा पातळीमागचा सरासरी वेळ जेवढा उतरला, तेवढा नंतरच्या कोणत्याही सुधारणेने उतरला नाही.

यात एक पथ्य पाळावे लागते. मैदान आडवे लांब असल्यामुळे मागे सोडलेल्या विटेसाठी परत येणे महाग पडते. म्हणून सोडलेली वीट वाटेपासून किती घरे दूर आहे, याचा अंदाज बॉम्ब ठेवतानाच बांधावा लागतो. चार-पाच घरांच्या आत असेल तर मी ती तेव्हाच फोडतो.

दुसरी गोष्ट अशी की पातळी संपण्यासाठी दार सापडणे आणि शत्रू मरणे या दोन्ही गोष्टी व्हाव्या लागतात, त्यामुळे पातळीचा वेळ या दोहोंपैकी जी उशिरा होते तिच्यावर ठरतो. दार पहिल्या पाच विटांत सापडले आणि शेवटचा शत्रू मैदानाच्या दुसऱ्या टोकाला फिरत राहिला, तर त्या सुदैवाचा काही उपयोग होत नाही. म्हणून शत्रूचा स्वतंत्र पाठलाग करू नये. जिथे विटा दाट आहेत आणि शत्रूही येण्याजोगा आहे, असे घर निवडावे. शेवटचे दोन शत्रू उरले की मात्र क्रम उलटतो, आणि दार सापडलेले असो वा नसो, आधी त्यांच्या मागे जावे असे माझे मत आहे, कारण वीट जागची हलत नाही आणि शत्रू हलतो. दार एकदा दिसले की त्याला ज्वाळा लागू देऊ नये. लागली तर त्यातून नवे शत्रू बाहेर पडतात आणि जवळजवळ संपलेली पातळी पुन्हा सुरू होते.

तिसऱ्या पातळीवरच्या रिमोटबद्दल थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण नशिबाच्या खेळात निर्णय कसा घ्यावा हे मी त्याच्यावरून शिकलो. रिमोटशिवाय प्रत्येक बॉम्ब स्वतःहून फुटेपर्यंत थांबावे लागते. रिमोट असला की ए बटणाने बॉम्ब ठेवायचा, आडोशाला जायचे आणि बी बटण दाबायचे. पण रिमोटही विटेखालीच असतो. शत्रू मेले आहेत, दार सापडले आहे आणि रिमोट अजून दिसलेला नाही, अशा वेळी पुढे जावे की थांबून शोधावे? सुरुवातीला मी दहा-पंधरा सेकंद शोधून जीव घाबरला की पुढे निघत असे. मग एका रविवारी कागदावर हिशेब मांडला. एका बॉम्बमागे एकच सेकंद वाचतो असे धरले आणि पातळीमागे दहाच बॉम्ब धरले, तरी उरलेल्या ४७ पातळ्यांत ४७० सेकंद, म्हणजे जवळजवळ आठ मिनिटे वाचतात. त्या आठ मिनिटांपुढे तिसऱ्या पातळीवर घालवलेला एक मिनिट काहीच नव्हे. तेव्हापासून रिमोट मिळाल्याशिवाय मी ती पातळी सोडत नाही. मात्र मेल्यावर रिमोट जातो, म्हणून तो मिळाल्यानंतरचा प्रत्येक धोका अधिक महाग होतो, आणि यानंतर माझा खेळ मुद्दाम थोडा सावध होतो. रिमोटने बॉम्ब ठेवल्याच्या क्रमानेच फुटतात, आधी ठेवलेला आधी. हे बोटांत मुरेपर्यंत एकट्या तिसऱ्या-चौथ्या पातळीचा सराव करावा.

अनेक मुले मला आरएनजीवर, म्हणजे खेळातले ‘नशीब’ ठरवणाऱ्या संख्या काढणाऱ्या यंत्रणेवर, ताबा मिळवण्याबद्दल विचारतात. जुन्या कन्सोलमधले नशीब खरे नशीब नसते. खेळ एका संख्येवर ठरावीक क्रिया करून पुढची संख्या काढतो आणि तिच्यावरून मांडणी ठरवतो. ज्या खेळांत ती संख्या बटण दाबण्याच्या क्षणावर अवलंबून असते, तिथे अचूक क्षणी बटण दाबून हवी ती मांडणी मिळवता येते, आणि ‘ड्रॅगन वॉरियर’सारख्या खेळात खेळाडू हे करतात. पण तो क्षण एका फ्रेमचा, म्हणजे पडद्यावरच्या एका चित्राचा असतो, आणि एक फ्रेम म्हणजे सेकंदाचा साठावा भाग. सुरुवातीच्या एका क्षणासाठी हे साधता येईल. ५० पातळ्यांच्या धावेत, शत्रू सतत फिरत असताना, ते हातांनी साधण्याच्या नादी नवशिक्याने लागू नये असे माझे स्पष्ट मत आहे. यंत्राच्या मदतीने फ्रेम-फ्रेम थांबवून केलेल्या धावा पाहाव्यात आणि त्यांतून वाटा शिकाव्यात, मात्र त्यांच्या वेळेशी आपली वेळ ताडू नये.

वेळ ताडण्याचा विषय निघाला आहे तर सर्वांत महत्त्वाचे सांगतो. लाइव्हस्प्लिट नावाचा मोफत टायमर प्रत्येक पातळीची आपली सर्वोत्तम वेळ जपून ठेवतो आणि त्यांची बेरीजही दाखवतो. कौशल्याच्या खेळात ती बेरीज गाठण्याजोगे ध्येय असते. बॉम्बरमॅनमध्ये ती बेरीज म्हणजे ५० पातळ्यांवर ५० वेळा दार जवळच सापडणे होय, आणि ते कधीही घडणार नाही. मी दीड वर्ष त्या आकड्याकडे पाहून निराश होत होतो. प्रत्येक पातळीची मधली वेळ, म्हणजे निम्म्या वेळा जिच्यापेक्षा कमी लागतो आणि निम्म्या वेळा जास्त, ती काढून तिच्याशी तुलना करावी.

माझा चुलतभाऊ त्या काळात संध्याकाळी येऊन माझ्या वेळा वहीत उतरवत असे. एकदा अकराव्या पातळीवर फार वेळ गेला, मी कंट्रोलर खाली ठेवला, आणि त्याने पेन थांबवून विचारले, “दादा, तू चुकलास काय दारच लांब होतं? कुठल्या रकान्यात लिहू मी?” वहीत तेव्हा एकच रकाना होता. त्याच रात्री आम्ही दुसरा आखला: एकात वेळ, दुसऱ्यात चुकलेले निर्णय, जसे एका विटेसाठी वाया घातलेला बॉम्ब, उगाच केलेला पाठलाग, दाराला लागलेली ज्वाळा. खरे तर फाउंड्रीत मी हेच रोज करतो. चुकीच्या पद्धतीने भरलेल्या साच्यातूनही एखादे वेळी चांगले कास्टिंग निघते, पण म्हणून ती पद्धत बरोबर ठरत नाही, आणि रिजेक्शनच्या नोंदीत कारण लिहिले नसेल तर पुढच्या ओतकामाला त्या नोंदीचा काही उपयोग होत नाही. वेळेचा रकाना वर-खाली होत राहिला. चुकांचा रकाना मात्र दर महिन्याला कमी होत गेला, आणि त्याच्या मागोमाग मधली वेळही उतरली.

धाव सोडून पुन्हा सुरू कधी करावी, याचा नियम धावेआधीच ठरवावा. पहिल्या पाचही पातळ्यांवर मधल्या वेळेपेक्षा चांगला वेळ हवा असे म्हटले, तर तसे घडण्याची शक्यता बत्तिसात एक असते आणि आठवड्यात एकही धाव पूर्ण होत नाही. धाव पूर्ण न करणाऱ्याचा शेवटच्या दहा पातळ्यांचा सराव कच्चाच राहतो. मी फक्त चौथ्या पातळीनंतर एकूण वेळ पाहतो. रिमोट आणि वेग दोन्ही मिळाले असतील आणि वेळ ठरवलेल्या मर्यादेत असेल, तर पुढे काहीही झाले तरी शेवटपर्यंत खेळतो.

साधनांबद्दल थोडेसे. आपल्याकडचे टीव्ही पाल पद्धतीचे होते आणि त्यांच्यासाठी बनवलेले टीव्ही गेम सेकंदाला सुमारे ५० फ्रेम दाखवत; जपानी आणि अमेरिकी कन्सोल सुमारे ६० दाखवतात. तोच खेळ ५० फ्रेमवर साधारण सहाव्या हिश्शाने संथ चालतो, त्यामुळे जुन्या घरगुती संचावर बसलेले हात ६० वर सुरुवातीला मागे पडतात. संगणकावर जुना कन्सोल चालवणाऱ्या एम्युलेटरमध्ये एनटीएससी, म्हणजे ६० फ्रेमची पद्धत निवडली आहे की नाही, हे पहिल्याच दिवशी तपासावे. धावेचे चित्रण ओबीएस या पडद्याचे चित्रण करणाऱ्या सॉफ्टवेअरने करावे आणि ते एमकेव्ही या व्हिडिओ फाइलच्या प्रकारात साठवावे. जुलैच्या पावसात आमच्याकडे लाइट गेली तेव्हा मी एमपी-४ प्रकारात चित्रण करत होतो. धाव चव्वेचाळिसाव्या पातळीवर होती, तोवरची माझी सर्वांत चांगली, आणि ती फाइल नंतर उघडलीच नाही. एमकेव्ही फाइल मध्येच तुटली तरी तोवरचा भाग पाहता येतो. त्या ४४ पातळ्यांचा वेळ आणि चुका चुलतभावाच्या वहीत मात्र होत्या, आणि पुढच्या दोन महिन्यांचा सराव आम्ही त्याच दोन पानांवरून केला.