डॉक लावायचा की टास्कबार पुरे?

वाशीच्या मार्केटमधला गाळा असो की नौपाड्यातलं डीटीपीचं दुकान, जुना लॅपटॉप असेल तर स्क्रीन बहुधा १३६६ बाय ७६८चाच निघतो. डॉक म्हणजे ॲप, फोल्डर, फाइलींचे आयकॉन ओळीने मांडणारी स्क्रीनच्या कडेची वेगळी पट्टी. त्याचं रूप नंतर, आधी ही ७६८ पिक्सेलची उंची बघा. विंडोज ११चा टास्कबार त्यातले ४८ खातो. त्याच्या डोक्यावर ४८च्या आयकॉनचा डॉक बसवला की आजूबाजूच्या मोकळ्या जागेसकट आणखी साठेक गेले, म्हणजे एक्सेलच्या तीन ओळी.

रोज लागणारी ॲप्स दहाच्या आत असतील तर डॉकच्या फंदात पडूच नका. ती टास्कबारवर पिन करा. विंडोजचं बटण धरून १ ते ९, आणि दहाव्यासाठी ०, दाबलं की त्या क्रमाचं ॲप उघडतं. डॉक लागतो तो ॲप, बिलांचं फोल्डर आणि एखादी नेहमीची फाइल शेजारीशेजारी हवी असेल तेव्हा. टास्कबारवर फोल्डर सुटं बसत नाही, एक्सप्लोररच्या यादीत जातं.

विंडोजवर विनस्टेप कंपनीचा नेक्सस हा डॉक घ्या. फुकट आवृत्तीत एकच डॉक मिळतो, तो पुरतो. रॉकेटडॉकचं नाव अजून सुचवलं जातं, पण त्याची शेवटची आवृत्ती २००८ची आहे. नव्या मशीनवर नको.

डॉक डाव्या कडेला ठेवा आणि आपोआप लपू द्या. खाली लपवला तर एक्सेलच्या शीटचे टॅब दाबायला जावं आणि डॉक वर यावा, असं दिवसभर चालतं. तो उघडायला अर्ध्या सेकंदाचा उशीर दिला की चुकून येणं बरंच थांबतं.

व्हॉट्सॲपसारख्या स्टोअरमधल्या ॲपची प्रोग्राम फाइल शोधून डॉकवर टाकली तर अपडेटनंतर आयकॉन मरतो, कारण त्याच्या फोल्डरच्या नावात आवृत्तीचा आकडा असतो. विंडोज आणि आर दाबा, इंग्रजीत सलग 'shell:appsfolder' लिहा, उघडलेल्या यादीतून ॲपचा शॉर्टकट डेस्कटॉपवर काढा आणि तोच डॉकवर ओढा.

विंडोज १०चा सपोर्ट ऑक्टोबर २०२५मध्ये संपल्यावर मशीनवर विंडोजऐवजी लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती टाकली असेल तर प्लँक हा डॉक बघा. सॉफ्टवेअर मॅनेजरमध्ये मिळतो, हलका आहे. सेटिंग उघडायला कंट्रोल धरून डॉकवर राइट क्लिक करा, नुसत्या राइट क्लिकने ती सापडत नाही. डॉकच्या वर एक आडवी रेघ दिसली तर दोष प्लँकचा नाही: मिंटच्या सेटिंगमधल्या विंडो मॅनेजर ट्वीक्समध्ये कंपोझिटर हा टॅब उघडा आणि डॉक विंडोखालच्या सावलीची खूण काढा. वेलँडवर, म्हणजे लिनक्सच्या विंडो स्क्रीनवर दाखवायच्या नव्या पद्धतीत, मात्र प्लँक चालत नाही. लिनक्सचा ग्नोम हा डेस्कटॉप असेल तर डॅश टू डॉक हे एक्स्टेन्शन घ्या. लॅटे डॉक सुंदर होता, पण त्याचं काम २०२२मध्ये थांबलं.

प्लँक चालू झाला तरी मिंटच्या सेटिंगमधल्या सेशन अँड स्टार्टअपमध्ये त्याचं नाव हाताने टाका, नाहीतर मशीन पुन्हा सुरू केल्यावर डॉक गायब.