वळवाआधी वाघरीचा खालचा काठ खिळवा

मे उतरणीला लागला की आमच्याकडे दोन गोष्टी एकदमच येतात. सुगी झालेल्या रिकाम्या रानात लेंडी-मुताच्या खतासाठी मेंढ्या रात्री बसायला येतात आणि दुपारनंतर आभाळ भरून वळीव कोसळतो. दोन्हींच्या मध्ये उभी असते ती एक जाळी, म्हणजे धनगरांची वाघर. चार माणसांनी अर्ध्या तासात उभी करायची, सकाळी गुंडाळून घोड्यावर टाकायची आणि पुढच्या रानात पुन्हा लावायची. हलतं कुंपण याहून सोपं मी पाहिलेलं नाही. पण ते लावण्यात एक चूक वर्षानुवर्षं होते आहे. वाघरीचा वरचा दोर लोक ताणून बांधतात आणि खालचा काठ तसाच मोकळा सोडतात.

वीसेक वर्षं मी रानात बसलेल्या मेंढ्या पाहतोय, घरच्याही आणि पाहुण्या कळपांच्याही. नुकसान झालं की कुणी बिबट्याला बोल लावतो, कुणी लांडग्याला, कुणी नशिबाला. मी सकाळी जाऊन आधी खालचा काठ बघतो. बहुतेक वेळा तो कुठेतरी सुटलेला असतो.

मागच्या वळवातलं सांगतो. शेजारच्या रानात दीडेकशे मेंढ्या बसल्या होत्या. मध्यरात्रीनंतर वारं सुटलं. बांबू नीट रोवलेले होते, त्यामुळे वाघर पडली नाही, शिडासारखी फुगली. खाली मेखा होत्या, पण दहा-बारा पावलांवर एक, त्याही भेगाळलेल्या काळ्या रानात पायाने दाबलेल्या. काठ वीतभर उचलला. मेंढीला वीतभर फट पुरते. ती डोकं घालते, मग मान, मग पाठीवर जाळी घेऊन पुढे सरकते, आणि मागची तिच्या शेपटीला नाक लावून निघते. सकाळी पाहिलं तर काठाच्या गाठींत लोकरीचे पुंजके अडकलेले, चिखलात खुरांची एकच वाट, आणि ती वाट सरळ बांधापलीकडच्या कडवळात, म्हणजे वैरणीच्या ज्वारीत गेलेली. कडवळ ढोपराच्याही खाली होतं. सहा मेंढ्या तिथेच आडव्या पडलेल्या, तोंडाला फेस. एकीची पापणी उलटून पाहिली तर आतून लालभडक. किराळ, म्हणजे कोवळ्या ज्वारीची विषबाधा, लागली होती.

शेजाऱ्याचं कडवळ तुडवून गेलं, मेंढ्या गेल्या आणि दोन घरांचं बोलणं अजून बंद आहे. सगळं वीतभर फटीपायी.

किराळीचं आधी नीट समजून घ्या, कारण पुढचे तीन-चार आठवडे तिचेच आहेत. कोवळ्या ज्वारीत हायड्रोसायनिक आम्ल तयार करणारं द्रव्य असतं, आणि पाण्याचा ताण बसलेल्या पिकात ते जास्त. रब्बी ज्वारी काढून धसकटं तशीच ठेवली असतील तर वळीव पडल्यावर आठ-दहा दिवसांत त्यांना हिरवे पोंगे फुटतात. लांबून रान वाळकं दिसतं, मेंढीला मात्र ते हिरवं बरोबर सापडतं. फुलोऱ्यावर आलेलं कडवळ बऱ्यापैकी निर्धोक असतं, गुडघ्याखालचं कधीच नाही. लागण झाली तर हातात मिनिटं असतात. सोडियम नायट्राइट आणि सोडियम थायोसल्फेट शिरेतून द्यावं लागतं. ते पशुवैद्यकाचं काम, मात्राही वजन बघून तेच ठरवतील. १९६२ वर फोन करा, फिरता दवाखाना येतो. आमच्याकडे गुळाचं पाणी पाजतात. मी कुणाला अडवत नाही, पण मान टाकलेल्या जनावराच्या तोंडात काहीही ओतू नका, ते फुफ्फुसात उतरतं.

म्हणून मेंढ्या बसवायच्या रानात आणि त्याला लागून असलेल्या रानात पोंगे फुटलेत का, हे दिवसाउजेडी फिरून बघा. फुटले असतील तर आधी कुळव घाला, मग वाघर लावा.

आता खालच्या काठाचं. नुसत्या जाळीत मेख मारून भागत नाही, एक घर ताणलं की बाकीची ढिली पडतात. शेवटच्या घरांतून बोटाएवढ्या जाडीचा वेगळा दोर ओवून घ्या आणि मेख त्या दोरावर मारा. लाकडी खुंटी मुरमात चालते, काळ्या रानात नाही. काळी जमीन उन्हाने भेगाळते, तेव्हा खुंटी भेगेत हलते. पाऊस पडला की तीच जमीन लोण्यासारखी होते आणि खुंटी वर येते. १० मिलीमीटर सळईचे दीड-दोन फुटी आकडे लोहाराकडून करून घ्या. ते सरळ ठोकू नका, डोकं बाहेरच्या बाजूला कललेलं ठेवा. अंतर ४ फूट, वाऱ्याच्या बाजूला ३. वळवाचं वारं आमच्याकडे बहुधा आग्नेयेकडून उठतं, तुमच्याकडचं तुम्हाला माहीत. कोपऱ्यातल्या बांबूला बाहेरून दोन ताण द्या. कोपरा गेला की चारही बाजू जातात.

परीक्षा अगदी साधी. दोन मेखांच्या मध्ये काठाखाली चपलेचं टोक घाला. चप्पल शिरली तर कोकरू शिरेल, कोकरू गेलं की आई जाणार. ही फेरी जेवणाआधी एकदा आणि झोपण्याआधी एकदा. पावसाचा शिडकावा झाला असेल तर पुन्हा एकदा, कारण ओल्या रानात मेख ढिली पडते.

एका म्हाताऱ्या धनगराला मी विचारलं होतं, “मामा, वाघर अजून हातभर उंच का नाही करत?” ते म्हणाले, “पावणं, मेंढी वर बघत न्हाय. ती खाली बघती.” बिबट्याला कितीही उंच केली तरी ती कमीच पडायची, हे त्यांनाही ठाऊक होतं.

वाघरीचा आकार हिशोबाने ठरवा. दोनशे मेंढ्यांना ५० फूट बाय ५० फूट पुरतं, म्हणजे मेंढीमागे साधारण १२ चौरस फूट आणि जाळी २०० फूट. एकर ४३,५६० चौरस फुटांचा, म्हणजे रोज जागा बदलली तर सतराअठरा रात्रींत एकर बसून होतो. जागा रोज बदलायची याचा कंटाळा करू नका. एकाच जागी चार रात्री बसवल्या तर तिथे पीक माजतं आणि शेजारचा पट्टा उपाशी राहतो. वाघर उचलली की त्याच सकाळी वरच्यावर कुळव मारा. मेंढीच्या मुतात जो नत्र असतो तो उन्हाने अमोनिया होऊन उडतो, नाकाला झोंबतो तो वास त्याचाच. आपण त्याचे पैसे किंवा धान्य मोजलेलं असतं.

वाघर दाटीची करू नका, पण फार ऐसपैसही नको. दाटीत मेंढ्या एकमेकींवर चढतात, वीज कडाडली की सगळ्या एका कोपऱ्यात दबतात आणि खालच्या गुदमरतात. मोठ्या झाडाखाली वाघर लावू नका. सावलीचा मोह होतो, पण वीज झाडावर पडते आणि खाली बसलेली जनावरं जातात. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं दामिनी ॲप मोबाइलवर ठेवा, आसपास वीज पडण्याची शक्यता ते सांगतं. माझा स्वतःचा आडाखा वेगळा आहे. दिवसभर वारं पडलेलं असेल आणि मेंढ्या संध्याकाळी वाघरीत घातल्यावरही रवंथ करायला बसत नसतील, उभ्याच घोटाळत असतील, तर त्या रात्री मी आणखी दहा मेखा ठोकतो. याला शास्त्र काय ते मला विचारू नका. मेखा फुकट गेल्याचं दुःख मला अजून झालेलं नाही.

आता दुकानदाराकडे वळू. या दिवसांत झटका मशिनचा संच गळ्यात मारायला बरेच जण निघतात. विजेची जाळी, सौर पट्टी, बॅटरी, ‘एकदा लावा आणि झोपा’. मशिन खोटं नाही. साधारण सेकंदाला एक झटका देतं, व्होल्ट जास्त पण क्षणभरच, म्हणून जनावर मरत नाही. पण मेंढीच्या अंगावर लोकर असते आणि लोकरीतून झटका नीट लागत नाही. मेमधली जमीन ठणठणीत कोरडी, मग अर्थिंगही मिळत नाही. झटका जनावराच्या अंगातून जमिनीत उतरून मशिनकडे परतला तरच लागतो. दुकानदार एक फुटभर सळई देऊन मोकळा होतो. निदान तीन सळया हव्यात, पाचसहा फूट खोल, एकमेकींपासून १० फुटांवर, आणि उन्हाळ्यात त्यांच्या बुडाशी पाणी. पाऊस पडला की उलटी गत. गवत वाढून खालच्या तारेला टेकतं आणि सगळा झटका गवतात जिरतो. इथेही दगा देतो तो खालचाच काठ. शिंगाच्या शेळ्या अशा जाळीत अडकल्या तर झटके खात तिथेच मरतात, त्यांच्यासाठी ती आणूच नका.

गाई-म्हशींना मात्र रीळवर गुंडाळायची एकेरी तार बरी पडते. गवताचा रोजचा पट्टा वाटून द्यायला, जनावराच्या नाकाच्या उंचीवर, अडीच-तीन फुटांवर. आधी दोन दिवस गोठ्याजवळ तिची ओळख करून द्या. पूर्ण संच घेण्याआधी कुणाच्या तरी रानात महिनाभर चाललेला बघा. आणि घरातली वीज थेट तारेत सोडू नका. रानडुकरासाठी सोडलेल्या तारेला चिकटून दर हंगामात माणसं जातात, आणि सोडणाऱ्यावर सदोष मनुष्यवधाचा गुन्हा लागतो.

लसीकरणाला किंवा टेंपोत चढवायला मोकळी जनावरं हलवायची तर आमची गुंडाळीची भिंत आहे. पाच फूट रुंद, वीस फूट लांब ताडपत्री, दोन टोकांना बांबू, मध्ये एक. नको तेव्हा एका बांबूभोवती गुंडाळायची. तयार मिळते ती किती महाग ते विचारून बघा, मग शिवणाऱ्याकडे जा. जाळीपलीकडचं जनावराला दिसतं आणि ते उडी मारतं. ताडपत्रीला ते भिंत समजतं. पण खालची कड फडफडली तर ते बिथरतं, आणि कड वर राहिली तर वासरू खालून निसटतं. म्हणून खालच्या दुमडीत वाळू भरलेला जुना ठिबकचा पाइप शिवून घ्या. दोघांनी भिंत धरून हळू चालायचं, आरडाओरडा नाही. जनावराच्या खांद्याच्या मागे राहिलात तर ते पुढे जातं, खांद्यापुढे गेलात तर मागे फिरतं. ऐन शेपटीमागे उभे राहू नका, तिथे त्याला तुम्ही दिसत नाही.

पावसाआधीची बाकीची कामं:

– आंत्रविषाराची लस आत्ताच, मात्रा बाटलीवरची. पहिल्यांदा देत असाल तर पंधरा दिवसांनी दुसरी.
– पीपीआरची (शेळ्या-मेंढ्यांच्या प्लेगची) लस: १ मिली कातडीखाली, तीन वर्षांत दिली असेल तर नको.
– जंतनाशक: अल्बेंडाझोल, किलो वजनाला ७.५ मिलीग्रॅम, गाभण असल्याच्या पहिल्या महिन्यात नको.
– खुरं छाटणं.
– कोकरांची वेगळी, बारीक घरांची वाघर.
– टॉर्चचे सेल.

लांडगा-बिबट्याचं थोडक्यात. वाघर त्यांना वरून अडवत नाही, पण घट्ट काठ कोल्ह्या-लांडग्याला खालून शिरू देत नाही आणि घाबरलेला कळप अंधारात फुटू देत नाही. फुटलेला कळप लांडग्याला सोपा पडतो. जुन्नर-शिरूरकडे ऊस जवळ असेल तर वाघर उसापासून लांब लावा आणि माणूस उसाच्या बाजूला झोपवू नका. जनावर मारलं गेलं तर वनखात्याला १९२६ वर लगेच कळवा आणि पंचनामा होईपर्यंत ते जागचं हलवू नका, नाहीतर भरपाई अडते.

वाघर उन्हाने कुजते, ते वरून दिसत नाही. दर हंगामाला खालच्या काठाची चार-पाच घरं हातात घेऊन पिळा. सुतळीसारखी कडकड तुटली तर तेवढा काठ बदला, सगळी वाघर नवी घ्यायची गरज नाही. भिजलेली गुंडाळून खोपटात टाकू नका. वाळू द्या आणि आढ्याला टांगा, उंदीर आधी खालचा दोरच कुरतडतात.