विंडोज ९८ वर डायल-अप जोडताना या चुका टाळा

डायल-अप, म्हणजे मोडेमने फोनच्या लाइनवरून दुसऱ्या कॉम्प्युटरशी केलेली जोडणी, लागत नाही म्हणून कोणी आलं की मी पहिल्यांदा एवढंच विचारतो, फोनचा रिसीव्हर उचलून कानाला लावलास का? बहुतेकांनी लावलेला नसतो. विंडोज मात्र पुन्हा टाकून झालेलं असतं.

माळ्यावरचा जुना पेंटियम खाली काढायचा, दोन मोडेम आणि एक छोटं इंटरकॉम एक्स्चेंज आणायचं आणि घरातल्या घरात एका मशीनवरून दुसऱ्याला डायल करायचं, असा उद्योग करणारी तरुण मुलं अलीकडे वरचेवर भेटतात. मला त्यांचं मनापासून कौतुक वाटतं. पण त्यांच्या चुका त्याच आहेत, ज्या आम्ही पंचवीस वर्षांपूर्वी साखर कारखान्यांच्या गट ऑफिसांत आणि पतसंस्थांच्या शाखांत निस्तरत होतो.

सगळ्यात जास्त दिवस खाणारी चूक इंटरप्टची, म्हणजे उपकरण ज्या ओळीवरून प्रोसेसरला हाक मारतं तिची. जुन्या पीसीत कॉम १ आणि कॉम ३ हे दोन्ही सिरियल पोर्ट इंटरप्ट ४ वापरतात, कॉम २ आणि कॉम ४ इंटरप्ट ३ वापरतात. सिरियल माउस कॉम १ वर असतो. त्यात कोणीतरी आतला मोडेम कॉम ३ वर बसवतो. मोडेम गप्प आहे तोवर काहीच कळत नाही.

सातारा जिल्ह्यातल्या एका पतसंस्थेच्या शाखेतून रोज संध्याकाळी दिवसाचा हिशेब मुख्य कचेरीला डायल करून पाठवायचा असे. मोडेमचा कर्रकर्र आवाज थांबून जोडणी झाली रे झाली, की माउसचा बाण जागच्या जागी गोठायचा. तिथल्या मुलाने तीन दिवसांत दोनदा विंडोज नव्याने टाकलं, त्यात प्रिंटरचा ड्रायव्हर गेला, मग त्याने नवा माउस आणला. चौथ्या दिवशी मी एसटीने पोचलो. कंट्रोल पॅनलमध्ये 'मोडेम्स' उघडलं, 'डायग्नॉस्टिक्स'मध्ये जाऊन 'मोअर इन्फो' दाबलं. इंटरप्ट ४ समोरच लिहिलेला होता. बायॉसमध्ये, म्हणजे मशीन सुरू होताना उघडणाऱ्या सेटिंगमध्ये, बोर्डावरचा रिकामा दुसरा सिरियल पोर्ट बंद केला, कार्डावरचा जंपर (पिनांवरची छोटी टोपी) काढून मोडेम कॉम २ वर, इंटरप्ट ३ वर नेला आणि विंडोजला मोडेम पुन्हा ओळखायला लावला. अर्ध्या तासात हिशेब गेला. तो मुलगा कष्टाळू होता, तीन दिवस रात्री आठ-आठपर्यंत बसला होता. फक्त त्याला कोणी सांगितलं नव्हतं की फॉरमॅट करणं म्हणजे दुरुस्ती नव्हे. दोन उपकरणांचं भांडण हार्डवेअरमध्ये असेल तर विंडोज कितीदाही टाका, भांडण तिथेच राहतं.

म्हणून माझी सवय खालून वर जायची. आधी फोनची तार, रिंगटोन नव्हे, डायल टोन ऐकायचा. मग हायपरटर्मिनल, म्हणजे मोडेमशी थेट बोलायचा विंडोजमधला प्रोग्राम, उघडून 'एटी' टाइप करायचं आणि 'ओके' येतं का बघायचं. मग तिथूनच नंबर फिरवून पलीकडचा मोडेम उचलतो का ते ऐकायचं. हे तिन्ही झाल्याशिवाय मी 'डायल-अप नेटवर्किंग'च्या फोल्डरला हातही लावत नाही. आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची, ती वहीत लिहून ठेवायची.

त्याच 'मोअर इन्फो'मध्ये यूएआरटीचं, म्हणजे सिरियल पोर्ट चालवणाऱ्या चिपचं, नावही दिसतं. १६५५० असेल तर ठीक, त्यात १६ बाइट साठतात. ८२५० किंवा १६४५० असेल तर बाहेरच्या मोडेमला पोर्टचा वेग सेकंदाला १,१५,२०० बिट देऊ नका, अक्षरं गळतात. ३८,४०० वर आणा, तरीही गळली तर १९,२००.

दुसरी माझी दुखरी नस म्हणजे 'कॅन्सल'. मशीन सुरू होताना विंडोज नाव आणि पासवर्ड विचारतं, घाईत माणूस 'कॅन्सल' दाबतो आणि डेस्कटॉप उघडतो. काही बिघडलं असं वाटत नाही. पण मग डायल करताना 'सेव्ह पासवर्ड' हा पर्याय फिका पडलेला दिसतो, कारण पासवर्ड ज्या फाइलमध्ये ठेवायचा ती त्या वापरकर्त्याच्या नावाने उघडलेलीच नसते. नाव टाका, पासवर्ड हवा तर रिकामा ठेवा, पण 'ओके' दाबा.

याचंच भावंड म्हणजे 'लॉग ऑन टू नेटवर्क'ची खूण. इंटरनेटसाठी ती काढा, जोडणी लवकर होते, हा सल्ला बरोबर आहे. पण तोच सल्ला ऑफिसच्या विंडोज एनटी सर्व्हरला डायल करणारे पाळतात, जोडणी होते आणि सर्व्हरवरचं एकही फोल्डर उघडत नाही. तिथे खूण हवी, मशीनवर 'क्लायंट फॉर मायक्रोसॉफ्ट नेटवर्क्स' हवा आणि वर्कग्रुपच्या जागी सर्व्हरच्या डोमेनचं नाव हवं. कुठे जोडतोय हे न बघता उचललेला शॉर्टकट मला पसंत नाही.

एरर ७२० आला तर जोडणीच्या 'सर्व्हर टाइप्स'मध्ये टीसीपी/आयपीची, म्हणजे इंटरनेटच्या भाषेची, खूण आहे का बघा. एरर ६८० म्हणजे मोडेमला डायल टोन ओळखता आला नाही. इंटरकॉमचा टोन वेगळा असतो, तेव्हा 'वेट फॉर डायल टोन'ची खूण काढा. बाहेरच्या लाइनसाठी शून्य लागत असेल तर शून्यानंतर स्वल्पविराम द्या, मोडेम साधारण दोन सेकंद थांबतो. समांतर जोडलेला दुसरा फोन मोडेम चालू असताना कोणी उचलू नये, हे घरात सांगून ठेवा.

मोडेमवर ५६ के (सेकंदाला ५६ हजार बिट) लिहिलंय आणि ३३,६०० च लागतो, ही तक्रार दर आठवड्याला येते. दोन साध्या फोन लाइनींवरचे दोन मोडेम एकमेकांशी याहून वेगाने बोलूच शकत नाहीत. ५६ के साठी पलीकडचं टोक डिजिटल लाइनवर लागतं. मोडेम बदलू नका, तो चांगला आहे.

ही जोडणी इंटरनेटला नेणार असाल तर डायल-अप अडॅप्टरवरच्या टीसीपी/आयपीचं 'फाइल अँड प्रिंटर शेअरिंग' काढा. याला अपवाद नाही.

आणि बाहेरची लाइन वापरत असाल तर वळवाच्या दिवसांत ढग दाटले की नुसता वीजपुरवठा बंद करण्यावर थांबू नका, मोडेममधून फोनची तारही काढा. आकाशातली वीज फोनच्या तारेतून आत येते. मोडेमच्या जोडीला बोर्डावरचा सिरियल पोर्टही जळालेला मी दोनदा पाहिलाय, आणि दोन्ही वेळा मशीनचा प्लग भिंतीतून नीट काढून ठेवलेला होता.