गावात अभ्यासवाले आले अन् लेकराचं रक्त मागतात, तं सही करायच्या आधी काय काय विचारायचं

गडचिरोली, मेळघाट, यवतमाळ, चंद्रपूर, या पट्ट्यात लेकरांवर अभ्यास लय होतात. कुपोषण, सिकलसेल (आई-बापाकडून येणारा रक्ताचा आजार), रक्त कमी असणं, जंत, नवीन जन्मलेली बाळं, काही ना काही चालूच असते. अन् त्यातून मोठं काम झालं आहे हे आधीच सांगतो. डॉ. अभय बंग अन् डॉ. राणी बंग यांच्या सर्च संस्थेनं गडचिरोलीच्या ३९ गावांत गावातल्याच बायांना शिकवलं, घरच्या घरी नवजात बाळाची काळजी घ्यायला लावली, अन् दुसऱ्या ४७ गावांशी तुलना केली. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्यूचं प्रमाण ६२ टक्क्यांनी कमी दिसलं, १९९९ साली ते लॅन्सेट नावाच्या डॉक्टरी नियतकालिकात छापून आलं, अन् आज दवाखान्यात बाळंतपण झाल्यावर आशाताई ३, ७, १४, २१, २८ अन् ४२ व्या दिवशी घरी येते ते त्याच कामातून पुढे आलेलं आहे. त्या गावातल्या आयांनी दार उघडलं, बाळ वजन करायला दिलं, म्हणून हे कळलं. तं अभ्यासवाल्यांना हाकलू नका, पण बसवा, पाणी द्या, अन् विचारा.

सगळ्यात पहिले विचारायचं की ही सरकारी तपासणी आहे का अभ्यास आहे. हा घोळ सगळीकडे होते. अंगणवाडीत येणारी आरबीएसकेची, म्हणजे लेकरांच्या सरकारी आरोग्य तपासणीची, गाडी, सिकलसेलची तपासणी, जंताच्या गोळ्या, ह्या सरकारी योजना, त्यात लेकराला सेवा मिळते. अभ्यासात मात्र माहिती गोळा करणं हे मुख्य काम असते, लेकराला फायदा होईल किंवा नाही पण होणार. दोन्हीकडे पांढरा कोट, दोन्हीकडे वजनकाटा, म्हणून आईला वाटते डॉक्टर आले, औषध देतील. सरळ विचारा, "हे संशोधन आहे का? माह्या लेकराला याच्यातून काय भेटणार अन् काय नाही भेटणार?" चांगली टीम याचं उत्तर लगेच देते.

मग माहितीपत्रक मागा. फॉर्मवर सही घ्यायच्या आधी माहितीपत्रक वाचून दाखवणं हे त्यांचं काम आहे, तेही तुम्हाला कळते त्या भाषेत. मेळघाटात कोरकू बोलणारी आई असेल, भामरागडकडे माडिया बोलणारी असेल, तिला पुस्तकी मराठीत घडाघडा वाचून दाखवलं तं तिनं काय समजावं? त्या भाषेचा माणूस सोबत आणा म्हणायचं. वाचता येत नसेल तं अंगठा चालते, पण तेव्हा टीमच्या बाहेरचा एक साक्षीदार तिथं हजर पाहिजे, अन् त्यानं सगळं ऐकून सही केली पाहिजे. फॉर्मची एक प्रत तुमच्याजवळ राहते. राशनकार्डासोबत ठेवून द्या, त्यावर दोन फोन नंबर असतात, एक मुख्य संशोधकाचा अन् एक एथिक्स कमिटीचा.

ही एथिक्स कमिटी म्हणजे काय ते बऱ्याच जणांना माहीत नसते. संशोधन सुरू व्हायच्या आधी त्याचा कागद न् कागद तपासणारी ही समिती, त्यात कमीत कमी ७ जण, डॉक्टरांसोबत कायदा जाणणारा एक अन् तुमच्या-आमच्यासारखा साधा माणूस एक, अन् अध्यक्ष त्या संस्थेच्या बाहेरचा. आयसीएमआर म्हणजे वैद्यकीय संशोधनाची सरकारी परिषद, तिची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत त्यात हे सगळं लिहिलेलं आहे. औषधाची किंवा लसीची चाचणी असेल तं ती सीटीआरआय नावाच्या सरकारी वेबसाइटवर नोंदवलेली पाहिजे, औषधांच्या चाचण्यांना ही नोंद २००९ पासून सक्तीची आहे. नोंदणी नंबर मागून घ्या, गावातल्या कॉलेजच्या पोरा-पोरीला मोबाइलवर टाकून पाहायला सांगा, तिथं दिसते कोण पैसा देते, किती लेकरं घेणार, काय मोजणार.

आता रक्ताची गोष्ट, कारण सगळ्यात जास्त भीती याचीच. मी असे फॉर्म वाचून दाखवायचं काम केलं आहे. धानोऱ्याकडच्या एका गावात एक बाई ओसरीवर लेकराला मांडीवर घेऊन सगळं शांतपणे ऐकत होती, अन् शेवटी म्हणाली, "पन माह्या लेकराच्या आंगात रगत किती असते जी?" इतका बरोबर प्रश्न मला शिकलेल्या माणसानंही कधी विचारला नव्हता. हिशेब असा आहे: लेकराच्या अंगात एका किलो वजनामागं साधारण ७५ ते ८० मिली रक्त असते, म्हणजे १० किलोच्या लेकरात पाऊण लिटरच्या आसपास. चहाचा चमचा ५ मिलीचा. बोटाला टोचून हिमोग्लोबिन पाहतात त्याला थेंबभर लागते, शिरेतून घेतात तेव्हा बहुतेक २ ते ५ मिली. तिला मी हाच चमचा दाखवून सांगितलं अन् तिनं मग हो म्हटलं. तुम्ही पण "थोडंसं घेऊ" या शब्दावर थांबू नका, किती मिली, किती वेळा, बोटातून का शिरेतून, अन् टोचणारा शिकलेला आहे का, हे सगळं विचारा. लेकरू तापानं फणफणत असेल तं आज नको म्हणा.

नंतर विचारायचं की उरलेलं रक्त कुठं जाणार. काही अभ्यासात रक्ताचे थेंब जाड कागदावर वाळवून ठेवतात, काहीत नळीत भरून थंडीत ठेवतात अन् वर्षानुवर्षं ठेवतात. पुढे दुसऱ्याच कामाला वापरणार का, देशाबाहेर पाठवणार का, याची परवानगी फॉर्मवर वेगळी मागितलेली पाहिजे. तपासणीला हो, साठवणुकीला नाही, असंही म्हणता येते.

अन् नाव गुप्त राहणार का हे इकडे जास्तच महत्त्वाचं आहे, सिकलसेलमुळे. पोरगी एएस निघाली, म्हणजे नुसती वाहक, तिला स्वतःला बहुतेक काही त्रास नसते, पण गावात बोभाटा झाला की लग्नाच्या वेळी तीच गोष्ट आडवी येते. म्हणून रिझल्ट चावडीवर किंवा शाळेत सगळ्यांसमोर वाचून दाखवू नका, आई-बापाला बाजूला घेऊन सांगा, असं आधीच ठणकावून सांगायचं. सोल्युबिलिटी नावाची सिकलसेलची पहिली चाचणी पॉझिटिव्ह आली म्हणजे रोग आहे असं होत नाही, इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही पुढची पक्की चाचणी केल्यावरच एएस (वाहक) का एसएस (खरा आजार) ते कळते, अन् तो कागद लेखी घ्या.

औषध, पावडर, लाडू, काही देऊन पाहणार असतील तं एक गोष्ट समजून घ्या. अर्ध्या लेकरांना नवीन वस्तू, अर्ध्यांना जे चालू आहे तेच, अन् कोणाला काय ते चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरते, डॉक्टरच्या मर्जीवर नसते. तसं केल्याशिवाय वस्तूचा गुण कळत नाही, त्यात फसवणूक काही नाही, फक्त हे आधी सांगितलं पाहिजे.

सही कोणाची चालते? लेकराच्या आईची किंवा बापाची, जोखीम जास्त असेल तं दोघांची. ७ वर्षांच्या वरच्या लेकरालाही विचारावं लागते, १२ पर्यंत तोंडी, त्याच्या पुढे १८ पर्यंत त्याचीही लेखी संमती, अन् पोट्टं नाही म्हणत असेल तं ते मानायला पाहिजे. सरपंचानं परवानगी दिली, ग्रामसभेत ठराव झाला, तरी तुमच्या लेकराचं हो-नाही तुमच्याच हातात. आश्रमशाळेत लेकरं असणाऱ्यांनी हे नीट ऐका. २००९ मध्ये तेव्हाच्या आंध्रच्या खम्मम जिल्ह्यात एचपीव्ही लसीच्या (गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरवरची लस) अभ्यासात वसतिगृहातल्या कितीतरी मुलींच्या फॉर्मवर आई-बापाच्या जागी वॉर्डननं सही केली होती, २०१० मध्ये तो अभ्यास थांबवावा लागला. काही मुलींचे मृत्यू झाले होते, त्यांचा लसीशी संबंध दिसत नाही असं चौकशी समितीनं सांगितलं, लस वाईट नव्हतीच. पण संमती अशी घेतली म्हणून लोकांचा विश्वास तुटला तो तुटला. शाळेत लेकरू टाकताना हेडमास्तरला लेखी द्या की कोणत्याही अभ्यासासाठी आम्हाला विचारल्याशिवाय सही करायची नाही.

मजुरीचं पण बोलून घ्या, लाजायचं काही कारण नाही. कापूस वेचायच्या दिवसात सकाळी ११ ला या म्हणतात अन् अख्खा दिवस पडते. बुडालेली मजुरी अन् येण्याजाण्याचा खर्च द्यायला नियमात मुभा आहे. नाही तं संध्याकाळी या म्हणा. उलट कोणी फारच मोठी रक्कम दाखवत असेल तं जास्त प्रश्न विचारा.

मोजमाप होते तेव्हा जवळ उभं राहून पाहा. दंडाचा घेर डाव्या हाताचा घेतात, खांदा अन् कोपर यांच्या बरोबर मध्यावर, हात लोंबता सोडून, पट्टी चिकटलेली पाहिजे पण कातडी दाबली नाही पाहिजे. स्वेटरवरून मोजत असतील तं थांबवा. ६ महिने ते ५ वर्षांच्या लेकराचा घेर ११.५ सेंटिमीटरच्या खाली आला तं ते अतितीव्र कुपोषित, ११.५ ते १२.५ मध्ये मध्यम. आकडा वहीत लिहून टीम निघून गेली असं होऊ देऊ नका. ११.५ च्या खाली असेल तं त्याच दिवशी अंगणवाडीताईला सांगा, अन् भूक मेली असेल, पायावर सूज असेल किंवा ताप असेल तं थेट दवाखाना, जिथून एनआरसीत, म्हणजे कुपोषित लेकरांच्या उपचार केंद्रात, भरती होते. अभ्यासवाल्यांनी चिठ्ठी द्यायलाच पाहिजे.

मधेच सोडावं वाटलं तं सोडता येते, कारण सांगायची गरज नाही, अन् त्यामुळे पीएचसीतला (सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रातला) इलाज कोणी बंद करू शकत नाही. अभ्यासामुळे लेकराला काही त्रास झाला तं इलाज फुकट करणं त्यांच्यावर आहे. फोन उचलत नसतील तं एथिक्स कमिटीच्या नंबरवर लावा, साध्या कागदावर तारीख, लेकराचं नाव, काय झालं ते चार ओळीत लिहा, फॉर्मची झेरॉक्स जोडा अन् पाठवा. अन् टीम पहिल्यांदा येते तेव्हाच ग्रामसेवकाच्या वहीत लिहून घ्या की अभ्यास संपल्यावर काय निघालं ते ग्रामसभेत येऊन मराठीत सांगतील, कोणत्या महिन्यात येतील ते पण.